यंत्राचा की हाताचा: हेलिकॉप्टर हॉव्हर करायला, म्हणजे हवेत एका जागी ठरवायला, शिकतानाची वही

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

भाऊबीजेला पुण्याला ताईकडं गेलो होतो. येताना रात्रभर मांडीवर खोकं घेऊन बसलो. आत वापरलेलं रिमोटचं हेलिकॉप्टर. वर्ग ४५०, म्हणजे एकेक पातं ३२५ मिलिमीटरचं, बॅटरीवर चालणारं, डोक्यावर आडवी दांडी असलेलं जुन्या पद्धतीचं. तैवानच्या अलाइनच्या टी-रेक्स ४५० ची कुणीतरी केलेली नक्कल. देणारा म्हणाला, दोनदाच उडवलंय. स्किडची, म्हणजे खाली टेकायच्या नळ्यांची, अवस्था बघून मला वाटतं दोनदा आपटलंय म्हणायचं असेल त्याला.

ही वही त्यासाठी घातली. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, पंधरा वर्षं लेथवर काढलीत. तिथं जॉब रिजेक्ट झाला की शीटवर दोनच रकाने असतात: मशीनमुळं की ऑपरेटरमुळं. तिसरा रकाना नाही. तसंच इथं करायचं. ‘यं’ म्हणजे यंत्राचा दोष, ‘हा’ म्हणजे हाताचा. काही बिघडलं की खाली एक अक्षर पडलं पाहिजे.

आप्पांनी खोक्यात डोकावून बघितलं. “केवढ्याला?” म्हणाले. मी खरा आकडा सांगितला नाही. वहीतही लिहीत नाही, घरात वाचणारे आहेत.

९ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी शिफ्ट सुटल्यावर सगळं सुटं करून टेबलावर मांडलं. मिलिंगवाला दोस्त बघायला थांबला.

मोटरच्या पिनिअनला ११ दात, मोठ्या गिअरला १५०. म्हणजे १३.६ ला १. मोटर ३५०० केव्ही, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेऱ्या, बॅटरी तीन सेलची, ११.१ व्होल्ट. लोड नसताना पात्यांचा हिशेब मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या वर जातो. मी थ्रॉटल खाली ठेवून २००० फेऱ्यांच्या आसपास चालवणार आहे. तेवढ्यातही पात्याच्या टोकाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढं जातो. दोस्त आधी हसत होता. हा आकडा कागदावर मांडून दाखवला तेव्हा खुर्ची मागं सरकवून बसला.

धातूत धातू जाणारा एकही स्क्रू लॉकटाईटशिवाय, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाशिवाय, बसवलेला नसावा, हा पहिला नियम. इथं सात-आठ स्क्रू कोरडेच निघाले. यं. (की देणाऱ्याचा हा? त्याला रकाना नाही.)

पाती किती आवळायची ते मजेशीर आहे. हेलिकॉप्टर आडवं धरलं की पातं स्वतःच्या वजनानं लगेच पडू नये, पण जरा झटका दिला की पडावं. फार आवळलं तर फिरताना ते आपली सरळ रेष आपण शोधू शकत नाही आणि सगळं थरथरतं. टॉर्क रेंच लावायच्या सवयीच्या माणसाला हे ‘अंदाजानं’ पटत नाही, पण बरोबर आहे.

डोक्यावरच्या आडव्या दांडीला दोन्ही टोकांना चपटी पॅडल आहेत, तिला फ्लायबार म्हणतात. बेल कंपनीच्या आर्थर यंग यांची स्थिर राहणारी दांडी आणि हिलरची पॅडल, दोन्हींचा मेळ घातलाय. आता नवीन हेलिकॉप्टरांत दांडीच नसते, इलेक्ट्रॉनिक्स तिचं काम करतं. मला दांडी बरी वाटते. डोळ्यांनी दिसते, हातानं हलवून बघता येते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दोन आठवडे फक्त सिम्युलेटर. रिमोट केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि पडद्यावर उडवायचं. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास. पहिल्या रात्री चाळीसेक वेळा आपटलं. परवा शेपूट आपल्याकडं ठेवून सलग तीन मिनिटं ठरलं.

रिमोट मोड २ चा. डाव्या काठीवर वर-खाली आणि शेपूट, उजव्या काठीवर पुढं-मागं आणि डावं-उजवं. चारही गोष्टी एकदम. सायकल, मोटारसायकल, ट्रॅक्टर, लेथ, सगळं आलं. एवढी गोंधळ उडवणारी गोष्ट अजून हातात आली नव्हती. पुतणी, वय दहा, दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा चांगली उडवायला लागली. हे लिहून ठेवतो म्हणजे पुढं तिनं सांगितलं तर नवल वाटणार नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा खरं.

जागेचं आधी. बेळगावात जमणार नाही. कँप आहे, सैन्याचा भाग आहे आणि पूर्वेला सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं आणि विमानतळ. आमचं गाव खानापूर तालुक्यात, विमानतळापासून सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावर जो भाग हिरवा असतो तिथं ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. आमचं शिवार हिरव्यात आहे, बघितलं. मला सध्या चार फूट पुरेत.

भाताच्या खाचरात धसकटं असतात, स्किड अडकतं. म्हणून आत्तीचं खळं. शेणानं सारवलेलं, टणक, सपाट. सकाळी साडेसातला वारा शून्य, बांधावर धुकं. पाच मीटर मागं उभारलो, थ्रॉटल हळूहळू वर.

फेऱ्या वाढल्या, स्किड हलकं झालं आणि पुढच्या क्षणी अख्खं हेलिकॉप्टर जमिनीवरच भोवऱ्यासारखं गरागरा फिरायला लागलं. मी थ्रॉटल होल्डचा, म्हणजे मोटर एकदम बंद करायचा, खटका दाबला, हे एक बरं सुचलं. जायरोची, म्हणजे शेपूट आपोआप सरळ धरणाऱ्या सेन्सरची, दिशा उलटी होती. शेपूट उजवीकडं गेली की जायरोनं डावीकडं ढकलायला पाहिजे, हा उजवीकडंच अजून जोर द्यायचा. बाजारात एखाद्याला आवरायला जावं आणि त्यालाच चढवून यावं, तशातला प्रकार.

तपासायची रीत सोपी आहे. मोटरची वायर काढायची, बॅटरी लावायची, हेलिकॉप्टर हातात धरून नाक झटक्यानं डावीकडं फिरवायचं आणि शेपटीची पाती कुठं वळतात बघायचं. रिमोटची काठी उजवीकडं दिल्यावर ती ज्या बाजूला वळतात, त्याच बाजूला वळली पाहिजेत. एका मिनिटाचं काम. मी केलं नव्हतं.

दोष यंत्रात होता पण तपासायचं काम माझं होतं. बराच वेळ पेन धरून बसलो. हा.

१ डिसेंबर, रविवार

पहिल्यांदा उचललं. ४ सेकंद. पुतणीनं मोबाईलवर मोजलं.

त्याहून मोठी बातमी म्हणजे आत्तीचं भात. खळ्याच्या कडेला तिनं वारं देऊन भाताची रास लावली होती, पलीकडं तूस वेगळं. माझं लक्ष हेलिकॉप्टरवर. ते उचललं तसा खालचा वारा चहूकडं पसरला आणि तूस उठून सगळं राशीवर बसलं. माझ्या डोक्यावर, पुतणीच्या वेणीत, हेलिकॉप्टरच्या गिअरमध्येसुद्धा.

“मुडद्या! दोन दिवस वारवलेलं भात एका मिनिटात एक केलास की रं!”

उरलेली सकाळ सूप घेऊन पाखडत बसलो. आत्ती तेवढ्या वेळात दहा जणांना सांगून आली. संध्याकाळी दुकानात गेलो तर एकानं विचारलं, मळणीला येतंय का तुझं इमान, भाडं काय घेतोस.

गिअरमधलं तूस रंगाच्या ब्रशनं काढलं. पुढच्या वेळी खळं मोकळं बघून.

८ डिसेंबर, रविवार

पाय लावले. बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या, दोन कामट्या फुलीसारख्या बांधून स्किडखाली, चारी टोकांना टेबल टेनिसचे चेंडू. हेलिकॉप्टर कललं तरी चेंडू टेकतो आणि पातं जमिनीला लागत नाही. दुकानात कार्बनच्या दांड्यांचे मिळतात, कामट्या त्यांच्यापेक्षा लवचिक आणि फुकट.

आप्पा म्हणाले, पोराला पांगुळगाडा दिल्यासारखं आहे. असू दे. सिकॉर्स्कीनं १४ सप्टेंबर १९३९ ला स्वतःचं व्हीएस-३०० पहिल्यांदा उचललं तेव्हा तेही दोरानं बांधलेलंच होतं.

तीन बॅटऱ्या. ६, ९, ७ सेकंद. तिसऱ्या बॅटरीला उजवीकडं घसरलं, मी घाबरून थ्रॉटल एकदम खाली ओढला, चेंडू धसकटात अडकला आणि आडवं झालं. एक पातं मोडलं. पाती लाकडाची आहेत ते बरं. शिकताना लाकडीच घ्यावीत, ती मोडतात आणि धक्का तिथंच संपतो. कार्बनची टिकतात आणि धक्का आत डोक्यापर्यंत पोचवतात.

हा.

१० डिसेंबर, मंगळवार

नवीन पाती बसवून फिरवलं तर शेपटी थरथरत होती. म्हणजे आत काहीतरी वाकलंय. दोन्ही पात्यांच्या पकडींना जोडणारी आडवी दांडी असते, फेदरिंग स्पिंडल म्हणतात तिला. आपटलं की आधी तीच वाकते. डोळ्यांना सरळ दिसत होती.

जेवणाच्या सुट्टीत व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल, म्हणजे वाकडेपणा मोजायचं घड्याळ, लावला. फिरवलं तर सुई बारा घरं सरकली, ०.१२ मिलिमीटर. दोस्त म्हणाला, काढ की नवीन, लेथवर दहा मिनिटाचं काम. माझ्याही मनात तेच होतं. सिल्व्हर स्टीलची कांडी काढलीसुद्धा.

मग हिशेब केला. पातं काट्यावर २४ ग्रॅम. त्याचं वजन फिरण्याच्या मध्यापासून साधारण १९ सेंटिमीटरवर धरलं आणि फेऱ्या २०००. एकेक पातं वीस किलोनं बाहेर ओढतं. भाताचं अर्धं पोतं दोन्ही बाजूंनी त्या पेन्सिलीएवढ्याही जाड नसलेल्या दांडीच्या टोकाच्या आट्यांवर लटकलेलं. मला कांडी वळता येईल, आटे पाडता येतील, हार्डनिंग बाहेरून करून घेता येईल. पण ते बरोबर झालंय हे कशावरून ठरवणार? पातं सुटून पाच मीटरवर उभारलेल्या पुतणीकडं गेल्यावर?

कांडी परत ठेवली. स्पिंडल मागवले, दोन. दोस्ताला वाटलं मी घाबरलो. घाबरलोच.

यं. आणि या आठवड्याचं सगळं खापर या स्पिंडलवर फोडायला मला आवडेल.

१५ डिसेंबर, रविवार

नवा स्पिंडल, डायलवर शून्य. थरथर गेली. दोन पात्यांच्या टोकांना वेगळ्या रंगाचा टेप लावून बघितलं, दोन्ही एकाच पातळीत फिरतात. एक वर एक खाली दिसलं असतं तर एका पात्याच्या लिंकला अर्धा वेढा दिला असता. गरज पडली नाही.

यंत्र आता निर्दोष. मी ८ सेकंद.

म्हणजे स्पिंडल नव्हताच. म्हणजे होता, पण ते कारण नव्हतं.

एक चूक मात्र कळली. मी घाबरून गुडघ्याच्याही खाली उडवत होतो, पडलं तर कमी लागेल म्हणून. तिथं उलट जास्त अवघड जातं. जमिनीपासून पात्यांच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत हेलिकॉप्टर स्वतःच खाली ढकललेल्या हवेवर बसतं. हवा जमिनीवर आपटून परत येते आणि ते तेल सांडलेल्या फरशीवर ठेवल्यासारखं इकडं-तिकडं घसरतं. माझ्या पात्यांचा व्यास सत्तर सेंटिमीटर. म्हणून छातीएवढ्या उंचीवर नेलं. छातीत धडधडत होतं, पण हेलिकॉप्टर शांत झालं. १४ सेकंद!

बॅटरीची नोंद: पाच मिनिटं चालवून चार्ज केलं तर साधारण १२०० एमएएच भरलं, क्षमता २२००. ऐंशी टक्क्यांच्या वर वापरायची नाही म्हणतात, त्याच्या खूप आत आहे. चार्जिंग खानापूरच्या मातीच्या मडक्यात करतो, खाली वाळू घालून, अंगणात. लिथियमची बॅटरी पेटली तर पाण्यानं सहज विझत नाही. आई म्हणते, चांगलं दह्याचं मडकं घालवलंस.

२२ डिसेंबर, रविवार

आज जे कळलं ते नीट लिहितो, नाहीतर विसरेन.

लेथवर हँडल एक घर फिरवलं की टूल तेवढंच सरकतं. थांबलं की थांबतं. पंधरा वर्षं हात तेच शिकलाय: जेवढं फिरवलं तेवढं अंतर. हेलिकॉप्टरच्या काठीला अंतर कळत नाही. काठी पुढं केली की पात्यांची चकती पुढं कलते. काठी मध्ये आणली तरी कललेली चकती बऱ्यापैकी तशीच राहते. कललेली आहे तोवर वेग वाढत जातो. कल काढला तरी वेग आहेच. तो मारायचा तर उलटा कल द्यायचा आणि थांबायच्या जरा आधीच तो काढून घ्यायचा.

म्हणजे मी काठी हलवतो तेव्हा जागा बदलत नाही, ‘कलायला लाग’ एवढंच सांगतो. जागा त्याच्या दोन पायऱ्या नंतर बदलते. मी इतके दिवस हेलिकॉप्टर मागं गेलं की काठी पुढं करून, ते जागेवर येईपर्यंत तिथंच धरून बसत होतो. जागेवर आलं तोवर त्याला एवढा वेग आलेला असायचा की पुढं निघून जायचं. मग मागं. मग जास्त मागं. झोका देत देत मीच पाडत होतो.

आता करायचं ते असं: टिचकी द्यायची, लगेच परत घ्यायची, उलटी अर्धी टिचकी. द्या, घ्या, परत द्या. हेलिकॉप्टर हलायच्या आधीच चकतीचा कल दिसतो. तो बघायचा, आणि शेपटीऐवजी नाक बघायचं. शेपूट बघितली की डाव्या-उजव्याचा गोंधळ होतो.

हे कागदावर सरळ आहे. गोकाककडचा कन्नड सहकारी शनिवारी वर्कशॉपच्या मागं बघत होता. तिथं मी नुसतं मोटर न लावता काठ्या हलवून स्वॉशप्लेट, म्हणजे पात्यांना कल देणारी डोक्याखालची तबकडी, कशी कलते ते बघत होतो. तो “निधान, निधान” म्हणत राहिला. हळू. आज खळ्यावर मीच स्वतःला कन्नडमध्ये निधान निधान म्हणत होतो, आणि चार बोटं मात्र भीतीनं काठ्या आवळून धरत होती.

२१ सेकंद. हा, पण वेगळ्या अर्थानं.

२६ डिसेंबर, गुरुवार

१९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात झालेल्या काँग्रेस अधिवेशनाला आज शंभर वर्षं. टिळकवाडीपासून सगळीकडं बंदोबस्त. गाव लांब आहे, तरी या आठवड्यात हेलिकॉप्टर कपाटात. आकाशात गुणगुणणारं काही दिसलं की आधी पोलीस येतात, समजावायला वेळ नंतर मिळतो.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज यंत्रावर पुन्हा संशय आला आणि दीड बॅटरी त्यात गेली.

आप्पा खळ्यावर आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, “ह्ये एका अंगाला कलून का उभारतंय?”

खरंच. ४० सेकंद ठरलं पण उजवीकडं किंचित कललेलं, डावं स्किड वर. माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. स्वॉशप्लेट लेव्हल नाही, म्हणून कललंय. ट्रिम देऊन, म्हणजे काठीचा मध्य रिमोटवरून जरा सरकवून, सरळ केलं. सरळ झालं आणि डावीकडं सरकायला लागलं. परत ट्रिम, परत सरकलं. खाली उतरवून लिंक मोजल्या, तिन्ही सारख्या.

रात्री कागदावर काढलं तेव्हा उलगडलं. माझी पाती वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात. त्यामुळं धड उलट्या दिशेला फिरू बघतं. ते थांबवायला शेपटीचा पंखा शेपटीला डावीकडं ढकलत असतो. शेपूट फिरत नाही, पण तो ढकलायचा जोर जातो कुठं? अख्ख्या हेलिकॉप्टरला डावीकडं नेतो. म्हणून एका जागी राहायचं तर जरा उजवीकडं कलावंच लागतं. मोठ्या हेलिकॉप्टरांनाही तेच. आपल्या सैन्यातली चेतक आणि चीता मूळ फ्रेंच बनावटीची, त्यांचीही पाती घड्याळाच्या दिशेनं. अमेरिकी बनावटीची बहुतेक उलटी फिरतात, ती डावीकडं कलतात.

यं नाही, हा नाही. तिसरा रकाना काढावा लागला. त्याला नाव दिलेलं नाही.

लगेच आप्पांना समजावलं. ते म्हणाले, “नांगर धरताना बी एका अंगाला जोर द्यावाच लागतो, त्यात काय.” मी दीड बॅटरी घालवली ते सांगितलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

५५ सेकंद. मग मध्येच उजवी काठी अर्धवट ऐकेना झाली. पुढं म्हटलं तर तिरकं जायचं. सावकाश खाली आणलं, पाय होते म्हणून वाचलं. स्वॉशप्लेटवरचा एक गोळा आट्यातून सैल झाला होता. ९ नोव्हेंबरला लॉकटाईट लावलेल्यांत हा नव्हता. बाहेरून घट्ट वाटला म्हणून सोडला होता.

यं म्हणून लिहिलं होतं. खोडलं. हा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आत्तीला तीळगूळ द्यायला गेलो. घेतला, आणि म्हणाली, “गोड बोल, आणि तुझं ते इमान माझ्या खळ्यावर कमी आण.”

१९ जानेवारी, रविवार

पिचमध्ये, म्हणजे पात्यांच्या तिरकेपणात, थोडा बदल. काठी मध्यावर असताना पाच अंश होता, साडेपाच केला. आम्ही समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहोत, हवा सातेक टक्के विरळ. गोव्यात किनाऱ्यावर उडवणाऱ्याला जेवढ्या पिचवर उचलतं तेवढ्यावर इथं जड वाटणारच. फरक थोडाच, पण आता काठी बरोबर मध्यावर असताना ठरतं आणि अंगठ्याला आराम पडला.

२ मिनिटं १० सेकंद. काहीच झालं नाही. ते एका जागी नव्हतं, हात-दीड हाताच्या खोक्यात फिरत होतं, पण दर वेळी परत यायचं. मध्येच मला कळलं की मी काठ्यांचा विचारच करत नाहीये. ते कळल्याबरोबर विचार सुरू झाला आणि लगेच खाली आणावं लागलं.

२ फेब्रुवारी, रविवार

उशीर झाला, नऊ वाजले, वारा सुटला. वाऱ्यात नाक वाऱ्याकडं ठेवून उलट सोपं जातं असं ऐकलं होतं. मधूनमधून झुळूक येते-जाते तेव्हा नाही जात. झुळूक गेली की ते एकदम पुढं धावतं. चार मिनिटं टिकलं, दोन वेळा भीती वाटली.

दोन विरुद्ध टोकांचे चेंडू काढले. आता एकच कामटी, आडवी.

९ फेब्रुवारी, रविवार

कामटी पण काढली. साडेसात, धुकं, वारा नाही. पूर्ण बॅटरी, ५ मिनिटं, शेपूट माझ्याकडं. टायमर वाजला तेव्हा मी दचकलो, हेलिकॉप्टर नाही. अलगद उतरवलं. उतरताना आधी उजवं स्किड टेकलं, मग डावं.

पुतणी म्हणाली, “आता वळव की.”

दुसरी बॅटरी. उचललं, छातीएवढ्या उंचीवर ठरवलं आणि शेपटीची काठी डावीकडं अगदी थोडी दिली. नाक डावीकडं वळलं, हेलिकॉप्टर आडवं दिसायला लागलं. आता त्याचं पुढं म्हणजे माझं डावं, आणि त्याचं उजवं म्हणजे माझ्यापासून लांब. डोक्याला माहीत होतं. हात मात्र दोन महिन्यांपूर्वीचाच. ते माझ्याकडं सरकायला लागलं तर मी उजवी काठी पुढं दिली, आणि ते डावीकडं बांधाच्या दिशेनं निघालं. मग मागं ओढली, मग होल्डचा खटका.

धसकटात उतरलं, उभंच. पाती शाबूत. पुतणीनं मोबाईल दाखवला: ११ सेकंद.

घरी येऊन स्पिंडल काढला, व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला, सावकाश फिरवला. सुई हलली नाही.